जू टेकतं तिथं हात

आजचे वाचन : गीताई, अध्याय ३ रा, श्लोक १० ते १६



आजचे सात श्लोक वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण यातल्या बाराव्या श्लोकापाशी मी गेलं वर्षभर अडकलो आहे. दर वेळी तिसरा अध्याय आला की हा श्लोक मी भरभर वाचून पुढे जायचो. आज ठरवलं, की काय झालं ते तुम्हाला सरळ सांगून टाकावं. आपण रोज भेटतो, तुमच्यापासून काय लपवायचं!

आधी एक सवय सांगतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एक वही ठेवली आहे. रात्री झोपायच्या आधी त्या दिवसाच्या पाच गोष्टी लिहायच्या, ज्यांबद्दल देवाचे आभार मानावेत. मोठं काही नाही. नातवाचा फोन आला. भाजीत आंबाडी मिळाली. गुडघा कमी दुखला. दुपारी वीज गेली नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी माझं ऐकून अशा वह्या सुरू केल्या, आणि त्याचा मला थोडा अभिमानच होता.

त्या वहीत एक ओळ फार वेळा आली आहे. ‘नळाला भरपूर पाणी आलं. टाकी भरली.’ आमच्या समुद्रपूरला वैशाखात पारा ४५च्या पुढे जातो. अशा दिवसांत सकाळी अंगावर दोन तांबे पाणी पडणं म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आंघोळ करायची, तुळशीला पाणी घालायचं आणि गीताई उघडायची, हा माझा नेम. म्हणजे माझं वाचन, माझं चिंतन आणि तुमच्यासाठी मी जे लिहितो ते सगळं त्या नळाच्या पाण्यावर चाललेलं.

गेल्या वैशाखात एके दिवशी नळ आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला तो दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी परत नाही. मी चिडलो. गल्लीतल्या चार लोकांना जमवलं आणि तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो. अर्जाची भाषा मला चांगली जमते. तेवढ्यात समोरच्या घरातला मुलगा म्हणाला, “गुरुजी, नळ सोडते तो माणूस पडला न जी. पहाटे अंधारात जात होता, गाडी घसरली. पायाचं हाड मोडलं. दुसऱ्याला पाठवलं, पण कोणता व्हॉल्व्ह कवा फिरवायचा, हे त्याले समजून नाही रायलं.”

मी पेन खाली ठेवलं. विचारलं, “नाव काय त्याचं?”

मुलाने नाव सांगितलं. अकरा वर्षं हा माणूस पहाटे चारला उठून आमच्या भागाचं पाणी सोडत होता आणि त्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्या रात्री वही चाळली. पाण्याबद्दल आभार पानोपानी होते, आणि सगळे देवाच्या नावावर. तो माणूस एकाही पानावर नव्हता.

आता श्लोकाकडे येऊ.

तिसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनाला एक चक्र समजावून सांगतात. प्रजापतीने माणसं निर्माण केली ती यज्ञासह. तुम्ही देवांना जपा, देव तुम्हाला जपतील, असं एकमेकांना धरून दोघांचं भलं होईल. अन्नावर प्राणी जगतात, पावसावर अन्न पिकतं, पाऊस यज्ञाने होतो आणि यज्ञ कर्माने घडतो. असं हे फिरतं चाक आहे. सोळाव्या श्लोकात म्हटलंय, की जो या चाकाला आपला हात लावत नाही त्याचं जगणं फुकट. आणि बारावा श्लोक तर त्याहून कडक आहे. ज्याने दिलं त्याला काहीच परत न करता जो नुसता भोगतो, त्याला भगवान चोर म्हणतात.

चोर! आपण या जागी फार तर ‘कृतघ्न’ म्हटलं असतं. ‘कृतघ्न’ ऐकून वाटतं, की कुणाच्या तरी मनाला लागलं असेल, जाऊन चार गोड शब्द बोललो की मिटलं. चोराचं तसं नाही. चोराकडे दुसऱ्याची वस्तू असते. त्याने हात जोडले म्हणून तो सुटत नाही, वस्तू परत करावी लागते. म्हणजे गीतेच्या लेखी आभार ही मनात गोड वाटून घ्यायची गोष्ट नाही. तो हिशोब आहे, आणि आपल्याकडे काहीतरी येणं बाकी आहे.

आता तुम्ही विचाराल, गुरुजी, मग वहीत पाच गोष्टी लिहिणं चूक का? चूक नाही. पण ती वही मला कुठे घेऊन गेली होती, ते सांगतो.

आमच्या ओळीच्या अगदी टोकाला एक बाई राहते. मी तिला वहिनी म्हणतो. तिचा नवरा कर्जापायी गेला. कसा गेला, ते लिहायची गरज नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. अशी घरं आपल्याकडे गावोगावी आहेत. वहिनी दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाते, कापूस वेचायला जाते. दोन हिवाळ्यांपूर्वी ती घरी आली होती, मुलीच्या फॉर्मवर काही लिहून घ्यायला. बोलता बोलता तिचे डोळे भरले. आणि मी, वहीवाला माणूस, तिला म्हणालो, “वहिनी, जे गेलं त्याचा विचार करू नका. दोन लेकरं धडधाकट आहेत, डोक्यावर छप्पर आहे. जे आहे त्याबद्दल देवाचे आभार माना, मन हलकं होईल.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “गुरुजी, आभार मानाले मी कवाबी तयार हाव. पण तुमच्या घरी बसून तुमी मले सांगता, तवा वाटते का मी तुमची उधारी बुडवून रायली.”

तिचा आवाज चढला नव्हता. फॉर्म घेतला, “येतो जी” म्हणाली आणि गेली. मला तेव्हा वाटलं, दुःखाने माणूस कडू होतो. वहीत त्या रात्री मी काय लिहिलं होतं, तेही आज सांगतो. ‘देवा, तू मला अशा प्रसंगातून नेलं नाहीस, तुझे उपकार.’

ही ओळ आता वाचवत नाही. कारण आभार मानताना मी तिच्या दुःखाची फूटपट्टी केली होती. तिचं किती कमी, त्यावर माझं किती जास्त ते मोजलं होतं. फारसी कवी सादी याच्या ‘गुलिस्ताँ’मधली एक छोटी गोष्ट जगभर सांगितली जाते. पायात घालायला काही नाही म्हणून खंतावलेला माणूस, ज्याला पायच नाहीत अशा एकाला पाहतो आणि देवाचे आभार मानून आपल्या अनवाणीपणावर समाधान मानतो. मी वर्गात कितीदा सांगितली असेल ही गोष्ट! मुलं माना डोलवायची. पण आज वाटतं, एका तरी मुलाने विचारायला हवं होतं, की गुरुजी, त्या पाय नसलेल्याचं पुढे काय झालं? पाहणाऱ्याचं समाधान झालं आणि गोष्ट संपली. तो माणूस तिथंच राहिला.

श्लोक नीट वाचला तर कळतं, की तो उपाशी माणसाला उद्देशून नाहीच. जो भोगतो, त्याला उद्देशून आहे. ज्याच्या ताटात आहे त्याने स्वतःला विचारायचा तो प्रश्न आहे. रिकाम्या ताटासमोर बसलेल्याला ‘आभार मान’ म्हणायचा अधिकार गीतेने कुणालाही दिलेला नाही. मी तो परस्पर घेतला होता.

मग खरे आभार कसे असतात? याचं उत्तर शोधताना मला ग्रंथाआधी माझे वडील आठवले.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलांना धुऊन आणायचं, आणि संध्याकाळी त्यांच्या खांद्याला हळद-तूप चोळून खांदा शेकायचा. दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आवतण त्यांना त्याच वेळी द्यायचं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. हातात तुपाची वाटी घेऊन मी बैलाच्या पाठीवर, कपाळावर, जिथं हात पुरेल तिथं हळद फासत होतो. बैल सुंदर दिसावा, एवढीच माझी कल्पना. वडिलांनी माझा हात धरला आणि मानेच्या मागे, जिथं कातडी घट्ट आणि काळी झाली होती तिथं ठेवला. म्हणाले, “जू जेथं टेकते तेथं लाव. बाकी आंगाले काय लावतं?”

त्या जागी हात फिरवताना ती खरखरीत लागली होती. एका बैलाचा खांदा थोडा सुजला होता. वडिलांनी तो दाबून पाहिला, काही बोलले नाहीत. पण पोळा झाल्यावर चार दिवस त्याला औताला लावलं नाही आणि जुवाला चिंध्यांची गादी बांधली. पुरणपोळी दोन्ही बैलांना मिळाली. सुटी फक्त त्यालाच मिळाली.

माझे वडील शिकलेले नव्हते. पण आभाराचा सगळा विधी त्यांना ठाऊक होता. ज्याच्या खांद्यावर आपलं पोट चालतं तो खांदा नेमका कुठे आहे, हे शोधायचं. तिथं हात लावून पाहायचं. आणि सूज दिसली, तर नुसतं तूप लावून थांबायचं नाही, जू हलकं करायचं.

विनोबांनी हीच गोष्ट १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सांगितली आहे. दर रविवारी एक अध्याय ते सांगत आणि साने गुरुजी लिहून घेत. सतराव्या अध्यायावर बोलताना ते म्हणतात, की आपण तीन संस्थांबरोबर जन्माला येतो. भोवतालची सृष्टी, समाज आणि आपलं शरीर. तिन्ही आपण रोज वापरतो, म्हणून तिन्ही रोज झिजतात. सृष्टीची झीज भरून काढायची तो यज्ञ, समाजाचं ऋण फेडायचं ते दान, आणि शरीर शुद्ध ठेवायचं ते तप. म्हणजे यज्ञ-दान-तप ही पुण्याची वरकड कमाई नाही. वापरलेलं भरून द्यायचं आहे, एवढंच. विहिरीचं पाणी काढलं तर गाळही काढावा लागतो, तसं.

त्यांना हे घरातच मिळालं असावं. लहानपणी त्यांची आई त्यांना तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवायला वाढत नसे. आधी दुसऱ्याची तहान, मग आपलं ताट. हाच मुलगा पुढे आपल्या पवनारला राहिला आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे कितीतरी महिने रोज चालत सुरगावला जाऊन तिथली घाण साफ करत होता. गावाची स्वच्छता कुणाच्या खांद्यावर आहे, हे त्यांनी स्वतःचा खांदा देऊन पाहिलं.

आमच्याच तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीची कथाही इथे आठवते. शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला आपल्याकडे सगळ्या धर्मांची माणसं जातात. टेकडीवर ते गोल गोल दगड सापडतात ना, त्यांची गोष्ट अशी सांगतात. दोन फिरस्त्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितली, तेव्हा बाबांनी वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. लोक इथवर सांगून चमत्काराला हात जोडतात. मला मात्र शेवट जास्त आवडतो. माल परत मिळाल्यावर ते व्यापारी बाजाराला गेले नाहीत. मरेपर्यंत तिथंच सेवेला राहिले. मिळालं, म्हणून ते थांबले.

तर मंडळी, मीही ठरवलं, की त्या नळ सोडणाऱ्या माणसाला भेटून यावं. अर्धा डझन केळी आणि ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे घेऊन गेलो. तो खाटेवर पडला होता, पायाला प्लास्टर. मला पाहून उठायला लागला. मी म्हणालो, पडून राहा. अकरा वर्षांचे आभार एका वाक्यात मानले, आणि मला फार बरं वाटलं. खरं सांगतो, रात्री वहीत काय लिहायचं तेही मनात तयार झालं होतं.

त्याने विचारलं, “पाणी येऊन रायलं न बरोबर आता?”

मी म्हणालो, “हो, आजपासून येतंय.”

“तुमच्या इकडं येते जी,” तो म्हणाला. “पण लाईनच्या शेवटी नाही पोचत. मी पंधरा मिनिटं जास्तीचं सोडून पाह्यलं, तरी नाही. मधात लोक टिल्लू लावते न. टिल्लू सगळं ओढून घेते, मंग शेवटच्या घराले नुसती हवा.”

हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, पायाच्या प्लास्टरकडे पाहत होता.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणण्यापेक्षा मी मागे ठेवली होती. माझ्या नळाला टिल्लू पंप होता. सात वर्षांपासून. नळाला थेट पंप लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण टाकी गच्चीवर, पाण्याला जोर नाही, आणि गल्लीत सगळ्यांनीच लावलेला. ‘नळाला भरपूर पाणी आलं, टाकी भरली’ ही माझ्या वहीतली ओळ त्या पंपाने लिहिली होती. आणि आमच्या लाईनच्या शेवटी कोण राहतं, ते तुम्हाला वर सांगितलंच आहे.

म्हणजे ज्या पाण्याबद्दल मी रात्री देवाचे आभार मानत होतो, त्यातलं काही वहिनीच्या वाट्याचं होतं. तिला आभार मानायला शिकवलं त्या दिवशी माझी टाकी वाहून गच्चीवरून पाणी खाली पडत होतं की नाही, ते आठवत नाही. पडत असेलही. ती म्हणाली होती, मी तुमची उधारी बुडवल्यासारखं वाटतं. उधारी कुणाकडे निघत होती?

बारावा श्लोक मी इतकी वर्षं ‘देवांना काही अर्पण केलं नाही तर’ एवढ्याच अर्थाने वाचत होतो. रोज फूल वाहत होतो, म्हणून तो आपल्याला लागू नाही, असं वाटायचं. त्या दिवशी घरी येताना तो एकच शब्द डोक्यात वाजत राहिला.

घरी येऊन पंप काढायचा म्हटलं, तर मंडळींनी विरोध केला. “अहो, सगळेच लावतात. आपण एकट्याने काढून काय होणार? आपलं पाणी बाजूचा ओढेल. या वयात मी खाली-वर बादल्या नेऊ का?” तिचं काहीच खोटं नव्हतं. आणि तिच्या त्या प्रश्नातही एक खांदा होता, जो मी चाळीस वर्षं पाहिला नव्हता. घरातलं पाणी भरणं आजवर तिच्याकडेच होतं. मी म्हणालो, “बादल्या मी भरतो.” ती हसली. तिचा विश्वास नव्हता. चार दिवस वाद चालला. शेवटी खाली अंगणात एक छोटी टाकी बसवली, नळ आपल्या जोराने जेवढा येईल तेवढा तिच्यात. पंप सोडून अडगळीत टाकला.

आता माझी पहाट चार-सव्वाचारला होते. पाणी बारीक येतं. बादली भरायला वेळ लागतो, गुडघा कुरकुरतो, आणि मी स्टुलावर बसून त्या धारेकडे पाहत राहतो. इतक्या वर्षांत पाणी येताना मी कधी पाहिलं नव्हतं, भरलेली टाकी तेवढी पाहिली होती.

गल्लीत बाकीच्यांचे पंप आहेत. एका घराने काढला, बाकीच्यांनी नाही. मी कुणाला उपदेश करायला गेलो नाही. उपदेशाने काय होतं, ते मी वहिनीच्या डोळ्यांत पाहिलं होतं. पण तिच्याकडे मात्र गेलो. काय बोलायचं, ते ठरवून गेलो होतो, दारात सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, “वहिनी, माझ्या नळाला पंप होता. काढला आता.”

ती म्हणाली, “ठाऊक होतं गुरुजी.” मग थोड्या वेळाने, “आता दोन गुंड भरते सकाळी. पयले एकबी नाही भरे.”

दोन गुंड म्हणजे फार नाही. तिला त्याबद्दल माझे आभार मानायचं कारण नव्हतं, आणि तिने मानले नाहीत. ते बरंच झालं. जे तिचंच होतं, त्यातलं थोडं तिच्याकडे परत गेलं होतं.

वही मी बंद केलेली नाही. पण आता प्रत्येक ओळीसमोर आणखी एक रकाना आखला आहे. डाव्या बाजूला काय मिळालं, उजव्या बाजूला कुणाच्या खांद्यावरून आलं. उजवा रकाना भरायला फार वेळ लागतो. पोळीसमोर गहू पिकवणारा, दळणारा, लाटणारी. अंगातल्या सुती सदऱ्यासमोर कापूस वेचणारी बाई, जिची बोटं बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली असतात. काही दिवस तर पाचऐवजी एकच गोष्ट लिहून होते. आणि मध्येच कुठेतरी कळतं, की या खांद्यावर जू जरा जास्तच जड आहे आणि त्याचं एक टोक माझ्याच हातात आहे. त्या दिवशी वही मिटून काहीतरी करावं लागतं.

आजचं छोटं काम : तुम्हाला रोज मिळणारी एकच साधी गोष्ट निवडा. दूध, वीज, झाडलेला रस्ता, धुतलेलं ताट, काहीही. ती तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून येते, त्याचं नाव विचारून घ्या. आणि जमलं तर एवढं पाहा, की ती आपल्यापर्यंत येताना वाटेत कुणाचं कमी तर होत नाही ना.

प्रार्थना : देवा, तू दिलंस ते मी तुझंच समजून एकटा खात होतो. ते ज्यांच्या खांद्यावरून आलं ते खांदे मला दाखव. तिथं माझा हात पोचू दे. सूज असेल तिथं जू हलकं करायची बुद्धी दे. आणि ज्याच्या ताटात काही नाही, त्याला आभाराचा धडा शिकवायची माझी सवय मोड.

जय जगत.